वाहाकाला आपलं कोण हाय?

आमच्या गावात कुणी परगावी निघाला, तर कुठं चाललास असं विचारत नाहीत. तिथं आपलं कोण हाय, असं विचारतात. म्हणजे तिथं गावातल्या कुणाची गलाईची भट्टी आहे, पहिली रात्र कुणाच्या ओट्यावर काढणार, कुणाच्या ताटात जेवणार. याचं उत्तर मिळालं की झालं. मग ते गाव गुवाहाटी असो नाही तर कोचीन. नकाशावर ते कुठं आहे हे कुणाला ठाऊक नसतं आणि त्यावाचून अडतही नाही. विट्याच्या पट्ट्यातली आम्ही माणसं अशीच देशभर पसरलो. एकानं जायचं, त्यानं दुसऱ्याला ओढायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सोनारांच्या दुकानातली झाडलोट घ्यायची, मोडीतले दागिने घ्यायचे, मुशीत घालून आटवायचे, तेजाबात टाकून चोख करायचे आणि लगड बनवून परत द्यायची. झालं. हाच आमचा पराक्रम.

मी बावीस वर्षं नेल्लोरला हेच केलं. एकोणीसशे शहात्तरच्या चैत्रात यात्रेला गावी आलो आणि देवळापुढच्या पारावर सांगून टाकलं, की मी मेक्सिकोला चाललोय. त्या देशाच्या दक्षिणेला वाहाका म्हणून मुलूख आहे, तिथं.

हंबीरराव पानाला चुना लावत होते. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. एकोणिसाव्या वर्षी मला नेल्लोरला नेऊन भट्टीपुढं बसवणारे तेच. गावातली साठ-सत्तर घरं त्यांनी अशी बाहेर काढली. त्यांचा शब्द तो गावाचा शब्द.

"तिथं आपलं कोण हाय?" आबांनी विचारलं.

"कोण न्हाई."

"कुंडलचं, पलूसचं, कुनी?"

"कुनीच न्हाई, आबा."

"मंग तू पयला," आबा म्हणाले, आणि चुना लावलेलं पान स्वतः न खाता माझ्या हातात ठेवलं. आमच्यात याच्यापेक्षा मोठा मान नाही.

आकाराम सुभेदार शेजारी बसले होते. लढाईत फिरून आलेला माणूस, त्यांना परदेशाचं काही वाटत नाही. "मी चव्वेचाळीस साली इटलीत हुतो," ते म्हणाले. "तिथनं म्होरंच आसंल त्ये."

"लय म्होरं हाय, सुभेदार."

"आसू दे. तिकडं सडका चांगल्या हायत."

"भाव काय हाय रं तिथं?" आबा.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यात मला तेवढं एक जमलं नाही. "मी दुकान घालाय चाललो न्हाई, आबा. बघायला चाललोय."

"काय बघायला?"

"सोनं."

पारावर हसण्याचा नुसता फुफाटा उडाला. "आरं मंग नेल्लोरात बावीस वर्सं काय पितळ बघत हुतास व्हय?"

मी चिडलो. मला चिडायला फार लागत नाही. "सोनंच बघत हुतो," म्हणालो. "बघितलं की आटवत हुतो. आपुन आजवर दुसरं काय केलंय? कुनाची आजी, कुनाची पणजी, त्यांच्या अंगावरचं घडवलेलं काम आपल्या मुशीत पानी झालं. एक तरी डागिना आपुन बाजूला ठिवला का, चांगला हाय म्हनून?"

"का ठिवायचा?" आबांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्यांना काय बोल लावू? मलाही बावीस वर्षं कळलं नव्हतं. आदल्या साली पावसाळ्यात नेल्लोरच्या एका सोनाराकडनं झाडलोटीची पुडी आली. पुडीचा कागद गुळगुळीत, कुठल्याशा परदेशी मासिकाचा. आमच्या धंद्यात पुडीचा कागदसुद्धा टाकत नाहीत. घडीत सोन्याचा कण अडकलेला असतो, म्हणून कागद जाळायचा आणि राख धुवायची. मी पुडी सोडली, झाडलोट परातीत ओतली, कागद भट्टीकडं नेला आणि हात थांबला. कागदावर एका पदकाचं चित्र होतं, छातीवर मिरवायच्या. एक तोंड, डोक्यावर पिसांचा मुकुट, खालचा जबडा नुसत्या हाडाचा. त्याखाली दोन चौकोनी फळ्या आणि त्यांवर कसल्या तरी खुणा. प्रत्येक पीस वेगळं. मेणात कोरून मग ओतलेलं काम आहे हे मला चित्रावरूनच कळलं, कारण असलं काम मी दोन-चारदा पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे आटवलं होतं.

तो कागद मी जाळला नाही. बंडीच्या आतल्या खिशात घालून दिवाळीला गावी आणला आणि सांगलीला गेलो. गावभागात एक वाचनालय आहे, तिथं शरयूबाई दीक्षित बसतात. धोतरातला, चौथी शिकलेला गडी इंग्रजी वाचून मागतोय म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "वर्गणीदार आहात का?"

"व्हतो की," म्हणालो आणि तिथल्या तिथं वर्गणी भरली.

त्यांनी वाचलं. वाहाका गावाजवळच्या डोंगरावर एका थडग्यात हे सापडलं, बत्तीस साली. जुने मिश्तेक म्हणून लोक होते, त्यांच्या कारागिरांचं काम. शेकडो वर्षं जमिनीत पडून होतं म्हणून वाचलं. बाकीचं जवळजवळ सगळं स्पेनच्या लोकांनी वितळवून, विटा पाडून जहाजानं नेलं.

"वितळवलं कुनी पर? हातानं कुनी?" मी विचारलं.

शरयूबाईंनी पुढच्या ओळी वाचल्या. "तिथल्याच सोनारांना कामाला लावलं म्हणे."

ज्यांनी घडवलं त्यांच्याच हातानं आटवून घेतलं. त्यांच्या मानेवर तरी तलवार होती. आमच्या मानेवर कोण होतं? आम्ही हौसेनं गेलो, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाटीवाटीनं बसून, दशम्या खात. अर्ध्या देशाच्या बायकांचं अंग ओकं केलं आणि गावाकडं घरांवर स्लॅब टाकले. वर म्हणतो, आम्ही सोन्यातली माणसं.

"मी तितं जानार," मी म्हणालो.

शरयूबाई हसल्या नाहीत. वाचनालयात बसून त्यांचे केस पांढरे झाले, स्वतः कधी पुण्यापलीकडं गेल्या नव्हत्या. "लोक काशीला जातात," त्या म्हणाल्या. "फार हौस असली तर लंडनला. तुम्ही हे कुठलं काढलंत?" पण म्हणता म्हणता त्यांनी कपाटातनं नकाशाचं पुस्तक काढलं. पुढच्या खेपेला गेलो तर आणखी दोन पुस्तकं काढून ठेवलेली. त्या एका मुलखात सोळा तरी भाषा. गावोगाव आठवड्याचा बाजार, बायका वेण्या घालून टोपल्या घेऊन बसतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि त्याची भाकरी थापतात. मिरच्या, तीळ, असं वीस-तीस जिन्नस घालून कालवण करतात. नाकतोडे भाजून खातात.

"नाकतोडे सोडले तर माणदेशच झाला की," मी म्हणालो.

त्यांनी तिथल्या संग्रहालयाला इंग्रजीत पत्र टाकलं. उत्तर आलं ते स्पॅनिशमध्ये. सांगलीत स्पॅनिश वाचणारा कुठनं असणार? मिरजेला एक म्हातारा गोवेकर बेकरीवाला आहे, त्याला पोर्तुगीज येतं. तो म्हणाला दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी आहेत, आणि पिठाच्या हातानं कागद धरून त्यानं सगळा उलगडून सांगितला. सकाळी दहाला दार उघडतं. सोमवारी बंद. पदक अमुक दालनात आहे. राजधानीहून मोटार रात्री निघते ती सकाळी पोचवते. आपण एवढ्या लांबून येताय याचा आनंद आहे. खाली सही.

बस. कशाला येताय, हे त्यांनी विचारलं नव्हतं. ज्यांची आमची ओळख नाही, पाळख नाही, त्यांनी विचारलं नाही. आणि माझ्या गावानं दुसरं काही विचारलंच नाही.

पारावर बोलल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं घरी रांग लागली. आधी शेजारच्या शालूबाई आल्या, पदराखाली अंडी घेऊन. थोरला मुलगा दहावीत बसलाय, म्हणजे नापास होऊन बसलाय, त्याला घेऊन जा. मग मळेवाल्या लालासाहेबांचा निरोप, दोन पुतणे आहेत, कुठलाही उचल. मग नाथाजी. नाथाजी म्हणाला, "पासपोर्टाला किती फोटू लागत्यात तेवढं सांग, काडून ठिवतो."

"आरं तिथं दुकान न्हाई, नाथाजी."

"न्हाई कसं? तू काडनार हायस न्हवं?"

"न्हाई."

"कुनाला शबुद दिलायस?"

"कुनालाबी न्हाई."

"लालासायबाला दिला आसशील. त्येचं बागाईत हाय." आणि तो तोंड फिरवून गेला. पंधरा वर्षांपासूनचा दोस्त माझा.

जितकं मी नाही म्हणावं तितकं गावाला वाटावं, की लबाडानं सोन्याची खाणच शोधलीय आणि एकटा गिळणार आहे. सोनं बघायला कुणी सात समुद्र ओलांडतं का? दुधाचा धंदा करणारा गाय बघायला जातो का? लोकांचंही खरं होतं. म्हणून जास्तच संताप यायचा. पाय जाग्यावर राहीनात. सकाळी विहिरीपर्यंत, दुपारी सडकेपर्यंत, संध्याकाळी पुन्हा विहिरीपर्यंत. बसलो की उठावं वाटे, उठलो की चालावं वाटे, चाललो की कुणीतरी भेटे आणि पोराचं नाव काढे.

पैशाचं विचाराल तर होते. पोरी दोन्ही नांदायला गेलेल्या. अडलं होतं पासपोर्टाचं. अर्ज मुंबईला गेला होता आणि तिथनं चौकशीचा कागद तालुक्याच्या पोलीस ठाण्यात यायचा होता. गावातल्या दोन वजनदार माणसांनी ठाण्यात जाऊन सांगायचं, की आम्ही याला ओळखतो, हा असा असा आहे आणि या या कामाला चालला आहे. वजनदार म्हणजे आबा आणि सुभेदार. सुभेदार आबांच्या शब्दाबाहेर नाहीत.

आबांकडं गेलो. ते म्हणाले, "सही करतो की. तेवढा आमचा नातू न्हे."

"आबा, तितं दुकान न्हाई."

"लेखी मागतोय का मी? नुस्ता शबुद दे. पाच वर्सांनी न्हे, दहा वर्सांनी न्हे."

सोपं होतं. व्हय म्हणायचं आणि निघायचं. पण आमचा धंदा कशावर चालतो ठाऊक आहे? ना पावती, ना साक्षीदार. सोनार पंचवीस तोळ्यांची मोड पुडीत बांधून आमच्या हातात देतो आणि घरी जाऊन झोपतो. शब्दावर. माझ्याजवळ दुसरं काहीच नाही, आणि तेही याच म्हाताऱ्यानं शिकवलेलं.

"न्हाई देत," म्हणालो.

आबा हसले. कसलेल्या माणसाचं हसू. "पक्का झालास गड्या. आजून भाव वाडवून घ्यायचाय व्हय? इचार कर. ठान्यात यीन मी."

त्यांना वाटलं मी ताणून धरतोय.

खरी भीती मात्र वेगळीच होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. यात्रेत देवीचा मुखवटा पालखीतनं काढला, सगळ्या गावानं हात जोडले, बायांच्या डोळ्यांत पाणी. मीही हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात बोललो, "चांदीवर मुलामा, आतनं पोकळ." बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. म्हणजे मी तिथं वाहाकाला जाणार, त्या काचेपुढं उभा राहणार, आणि मला काय दिसणार? कस आणि वजन. तेवढ्यासाठी कशाला जायचं? तागडी पाठवून द्यावी पोस्टानं.

घरात चंद्रानं ते ओळखलं. चंद्रा म्हणजे माझी बायको, चंद्राबाई. एका दुपारी मी माजघरात येरझाऱ्या घालत होतो, ती शेंगा फोडत बसली होती.

"आवं बसा की जरा. भुईला भोकं पडतील."

बसलो. मनातली भीती सांगितली. ती शेंगा फोडत ऐकत राहिली. मग तिनं कानातली बुगडी काढली, वरच्या पाळीतली, आणि घोंगड्यावर माझ्यापुढं ठेवली.

"सांगा, काय दिसतंय."

"पाव तोळा. सांध्याला टाका जरा जास्त हाय."

"त्ये न्हाई इचारलं. दिसतंय काय?"

"फूल हाय. मोती हाय एक. मळी बसलीय मागं."

"आनि?"

"आनि काय? बुगडी हाय."

"लांब जायला निगालायसा. जवळ बघा."

मी ती उजेडाला धरली. मग तिला दुसरीही काढायला लावली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. मघाच्या बुगडीच्या पाकळ्या कडेनं गुळगुळीत झाल्या होत्या, दुसरीच्या अजून टोचत होत्या.

"ही झिजलीय," मी म्हणालो. "डावीकडची. अशी कशानं झिजली?"

"मी डाव्या कुशीवर झोपती," चंद्रा म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं."

लग्नाला तेवीस वर्षं झाली. त्यातलं एक वर्ष सोडलं तर मी वर्षातनं महिना-दीड महिना घरी. आमच्यात असंच असतं. गडी भट्टीवर, बाई गावात. सासूचं दुखणं तिनं काढलं, पोरी तिनं वाढवल्या, शेत तिनं पाहिलं. ती कुठल्या कुशीवर झोपते हे मला सोन्याच्या झिजेवरनं कळावं, आणि तेही तिनं समोर काढून ठेवल्यावर. मला माझा राग आला, धंद्याचा आला, आणि का कोण जाणे, तिचाही आला, की बाई, तू इतकी वर्षं बोलली का नाहीस. तसं विचारलंही.

"कवा सांगायचं?" ती म्हणाली. "यायचा तवा चार मानसं दारात. जायचा तवा टांगा दारात."

शेंगांचा ढीग तिनं सुपात ओढला. "मी बी येनार," म्हणाली.

"कुटं?"

"तुमी जाताय तितं. तुमाला एकट्याला काय दिसनार हाय? तितं मक्याची भाकरी करत्यात म्हणता न्हवं? मंग जगू की."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सांगलीला गेलो. फोटो काढला. आयुष्यातला तिचा तो पहिला फोटो, डोळे मोठे करून काढलेला. शरयूबाईंनी तिचा अर्ज भरला आणि भरताना एकदाच मान वर करून तिच्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "तिथून मला पत्र टाका. बाजारात काय काय होतं ते लिहा. यांना नका लिहायला लावू."

दोघांच्या चौकशीचे कागद ज्येष्ठात एकदमच ठाण्यात आले. आबा आणि सुभेदार ठरल्याप्रमाणं आले. आबांनी नवा पटका बांधला होता. चंद्रा बाहेर बाकावर बसली, आम्ही आत.

जमादार पन्नाशीचा, घामेजलेला. "नानासो," तो म्हणाला, "तुमी सोन्यातली मानसं. दिवस कसले हायत ठावं हाय न्हवं? आणीबाणी हाय. तस्करी, तस्करी म्हणून वरनं रोज कागद येतोय. आन् तुमी मेक्सिकोला निगाला. मी लिवू काय?"

"बघायला जातुय असं लिवा."

"बघायला ह्ये कारन नसतंय. नोकरी, शिक्षन, धंदा, दवापानी, तीर्थयात्रा. ह्यातलं एक बोला."

"तीर्थयात्रा लिवा की," सुभेदार म्हणाले. "देव आसंलच तितं कुठला तरी."

"जबड्याची नुसती हाडं हायत त्या देवाच्या," मी म्हणालो.

"मंग नगं."

आबा मिशीत हसत होते. त्यांना वाटत होतं सगळं ठरल्यासारखं चाललंय. मी पोलिसापुढं शहाण्यासारखा धंदा लपवतोय आणि आपला नातू त्यात धरलेला आहे. "जमादार, तो सांगतोय तसंच लिवा," ते म्हणाले. "बघायला. आमी हाय की सांगायला."

जमादारानं दुसरा कागद उचलला. "आन् ह्या चंद्राबाई कोन?"

"माजी बायकू."

"ह्या बी?"

"ह्या बी."

आबांचं हसू जिथल्या तिथं राहिलं. त्यांनी मान वळवली. दारात चंद्रा उभी होती, नवं लुगडं नेसून, पिशवी छातीशी धरून.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. आमच्यात नव्या मुलखात पहिला जाणारा बायको नेत नाही. कधीच नाही. आधी भट्टी, मग गावचे गडी, मग पाच-दहा वर्षांनी जमलं तर बायको, आणि बहुतेकांचं जमतच नाही. आबांचंही जमलं नाही. त्यांची बायको गावात वारली तेव्हा आबा नेल्लोरला होते. तार तिसऱ्या दिवशी मिळाली. मीच ती सोनाराकडनं वाचून घेऊन त्यांना सांगितली होती. आबांनी ऐकली आणि मुशीतलं सोनं ओतून झाल्यावर उठले.

"हिला न्हेतोस?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"पयल्या खेपंला?"

"खेप एकच हाय, आबा."

तेव्हा त्यांना पटलं. दीड-दोन महिने मी गळा फोडून सांगितलं ते पटलं नव्हतं, ते दारातल्या बाईला बघून पटलं. दुकान नाही. खाण नाही. शब्द मी ताणत नव्हतो. आणि पटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, की माझं तिकडं बघण्याचं धाडस होईना. फसवलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं.

जमादारानं टाक उचलला. "आबा, बोला. वळखता न्हवं ह्यांना? का संशय हाय लिवू?"

संशय हा एक शब्द त्या कागदावर पडला असता तर पासपोर्ट मिळायचा नाही. त्या दिवसांत नुसत्या पासपोर्टावरही थांबलं नसतं. सुभेदार आबांकडं बघत होते. मी विनवणी करणार नव्हतो. केली असती तर शब्द द्यावा लागला असता.

आबांनी पटका सारखा केला. "बावीस वर्सं वळखतो," ते म्हणाले. "भट्टीम्होरं मीच बसवला. चोर न्हाई. लबाड न्हाई." मग थांबले. "खुळा हाय. तसं लिवा."

"खुळा?"

"खुळा. आन् ह्याच्या नादानं ती बी."

जमादाराला बरं वाटलं असावं. खुळ्याची जबाबदारी कुणावर येत नाही. त्यानं सरकारी भाषेत लिहून मोठ्यानं वाचलं, "सदर इसमास पाहण्याचे वेड आहे. वर्तणूक चांगली. त्याजपासून कोणताही धोका संभवत नाही." आबांनी सही केली, सुभेदारांनी केली. "खाली तुमी करा. मजकूर कबूल म्हनून."

माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. बावीस वर्षं लोकांचं सोनं सांभाळलं, गुंजभर इकडचं तिकडं केलं नाही, आणि कबूल काय करायचं तर खूळ. मी टाक खाली ठेवला. ठेवून फाडणारच होतो कागद.

"करा सई," चंद्रा दारातनं म्हणाली. "खोटं काय हाय त्यात?"

मी सही केली. मग तिनं आत येऊन आपल्या कागदावर एकेक अक्षर कोरलं. तिच्याही कागदावर तेच होतं, फक्त इसमाच्या जागी स्त्री.

बाहेर ऊन रणरणत होतं. आबा लिंबाखाली उभे होते, सुभेदार पुढं स्टँडकडं निघाले होते.

"नातवाचं मी दुसरीकडं बघीन," आबा म्हणाले. "पर आता तुज्या भट्टीवर गावचा मानूस यायचा न्हाई. त्ये मीच सांगनार हाय समद्यांना. जो आपल्या मानसांला वाट दावत न्हाई, त्येच्याकडं कशाला यायचं?"

"वाट आसती तर दावली नसती का, आबा?"

"म्हंजे तू जातोयस ती वाटच न्हवं." ते चिडले नव्हते. त्याचंच वाईट वाटलं. चिडले असते तर मलाही चिडता आलं असतं. त्यांनी चंद्राकडं बघितलं. "पोरी, तुला जायाचंय, का ह्यो वढून न्हेतोय?"

"मलाच जायाचंय, आबा. ह्यांच्यापरीस जास्त."

"तितं जाऊन करनार काय?"

"फिरनार," चंद्रा म्हणाली. "ह्यांच्यासंगं फिरनार. बाजार बघनार."

आबांनी मान हलवली. "आमची..." म्हणाले. काठी टेकत स्टँडकडं चालू लागले. मी दोन पावलं मागं गेलो. त्यांनी न बघताच हात मागं करून मला थांबवलं.

आमची गाडी सांगलीची होती. परकीय चलनाच्या परवान्याचे कागद अजून भरायचे होते, देवीचं टोचून घ्यायचं होतं, तिकिटाचं विचारायचं होतं. यातलं एकही होईल याची खात्री नव्हती. नेल्लोरला भट्टीवर तिघं गावचे गडी होते. ते महिन्याभरात निघून जाणार हे मला लिंबाखालीच कळलं होतं. गाडीत गर्दी नव्हती. चंद्रा खिडकीशी बसली आणि तिनं माझ्यासाठी पिशवी ठेवून जागा धरली.

मी दांडीला धरून उभाच राहिलो.

"आवं पावनं, बसा की," कंडक्टर म्हणाला. "जागा हाय."

"बसतो," म्हणालो. तासगाव मागं पडलं तरी मला बसवेना.